डबीची जागा आणि गाण्याची नोंद

सार्वजनिक ग्रंथालयांतल्या एखाद्या कपाटावर ‘दृक्‌श्राव्य साहित्य’ अशी पाटी दिसते. सीडी, डीव्हीडी, उरल्यासुरल्या कॅसेट, सगळं तिच्याखाली नांदत असतं. ही पाटी खटकते. पुस्तकांच्या कपाटावर ‘कागदी साहित्य’ असं कुणी लिहीत नाही. तिथं कादंबरी, चरित्र, इतिहास असे विभाग असतात. गाणी आणि चित्रपट आले की मात्र आशय बाजूला पडतो आणि डबी उरते. ड्युईच्या दशांश पद्धतीत संगीताला ७८० हे स्वतःचं घर आहे, पण चित्रपट ७९१.४३ वर, सर्कस आणि कळसूत्री बाहुल्यांच्या मधे बसतो. (पद्धत १८७६ची, तेव्हा चित्रपट जन्मायचाच होता.)

खरी अडचण कर्ता ठरवताना येते. पाश्चात्त्य अभिजात संगीताची नोंद रचनाकाराच्या नावाखाली होते. बेथोवेनची सिंफनी कुणीही वाजवली तरी बेथोवेनचीच. ख्यालाला हा न्याय लागू पडत नाही. बंदिश सदारंगाची असेल, पण ऐकणारा मागतो मल्लिकार्जुन मन्सूर. तेव्हा आधी गायक, मग राग, अशी मांडणी करावी, हे साहजिक वाटतं. मात्र ‘अभंग तुकयाचे’ हाती आलं की ती कोसळते: शब्द तुकारामांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज लताबाईंचा. ‘कट्यार काळजात घुसली’ तर १९६७चं दारव्हेकरांचं नाटकही आहे, अभिषेकींचं संगीतही आणि २०१५चा चित्रपटही. रंगनाथनांच्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे अनेक पैलू मांडता येतात. तरी आधी कुठला पैलू घ्यायचा, हे ठरवावंच लागतं. कारण वस्तूला जागा एकच मिळते. नोंदी मात्र हव्या तितक्या करता येतात.

यावर काही ग्रंथपाल म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? दुकानासारखे भावगीतं, भक्तिगीतं, नाट्यगीतं असे खण करा. लोक चाळतील आणि नेतील. वाचकाचा वेळ वाचवा हे रंगनाथनांचंच सूत्र आहे, त्यामुळे या म्हणण्यात तथ्य आहे. काय हवं हे न ठरवता येणाऱ्यासाठी दर्शनी फळीवर तसे दोन-चार खण जरूर असावेत. पण खळ्यांच्या सगळ्या चाली शोधणाऱ्याला ते खण काय देणार? अभंग एका खणात, भावगीतं दुसऱ्यात. सगळं इंटरनेटवर मिळतं, हा आक्षेप त्याहून लंगडा. तिथं सापडतं ते चढवणाऱ्यानं जेवढं टंकलं असेल तेवढंच. गायकाचं नाव असतं, साथीला तबल्यावर कोण होतं ते बऱ्याचदा नसतं.

म्हणून वर्गीकरणाचा हट्टच सोडावा, असं आता वाटतं. डब्या दाखल क्रमांकानं लावाव्यात, अगदी कोरडेपणानं. सगळी मेहनत तालिकेवर खर्च करावी: गायक, कवी, संगीतकार, राग, साथीदार, नाटक, दिग्दर्शक, प्रत्येकाची स्वतंत्र नोंद. यातली बरीच माहिती वेष्टनावर छापलेली असते. तबकड्या खराब होतात, वेष्टनं फाटतात, हरवतात. ग्रंथपालांनी निदान ती वेष्टनं तरी या वर्षी उतरवून घ्यावीत.