परक्या गीताची साथ

आमच्या कोलार रोडवरील वसाहतीतल्या देवळात सायंकाळच्या आरतीला पेटीची साथ करणारा एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आहे. गेल्या डिसेंबरात शेजारच्या ख्रिस्ती मंडळींनी नाताळच्या गीतांसाठी लहानसा वाद्यमेळ जमविला. ज्याच्या घरी जे वाद्य असेल ते त्याने घेऊन यावे, एवढाच नियम. एक क्लॅरिनेट, दोन व्हायोलिने व एक गिटार जमली. खालच्या सुरांना कोणी मिळेना, म्हणून आमच्या मुलाच्या पेटीला बोलावणे आले. देवळातील एका वृद्ध गृहस्थांना हे रुचले नाही. ज्या हातांनी देवाची आरती वाजवावयाची, त्यांनी परक्या देवाचे स्तोत्र वाजवू नये, असे त्यांचे म्हणणे. ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. ज्या प्रार्थनेवर आपला विश्वास नाही तिला साथ देणे हे असत्याचरण होय काय, हा प्रश्न त्याच्या पोटी आहे.

चटकन सुचणारे उत्तर असे की, धर्म शब्दांत असतो, सुरांत नव्हे. त्याला पुरावाही भरपूर आहे. एका अतिप्रसिद्ध इंग्रजी नाताळगीताची चाल मेन्डेल्सझोनने १८४० साली मुद्रणकलेच्या उत्सवासाठी रचली होती. ती स्तोत्राला जोडली गेली त्याच्या निधनानंतर, दुसऱ्याच एका संगीतकाराकडून. ज्या पेटीशिवाय आपले भजन अडते तिचे मूळ रूप १८४२ साली पॅरिसमध्ये पेटंट झाले. तिला कोणी धर्म विचारला नाही. गोमंतकात तर घुमट गणपतीच्या आरतीलाही वाजतो आणि ख्रिस्ती घरांतील मांडोलाही. त्यावर घोरपडीचे कातडे मढवीत असत. १९७२ च्या कायद्याने त्या प्राण्याला संरक्षण मिळाले आणि पुढे बकऱ्याचे कातडे आले, तरी २०१९ साली गोवा सरकारने वारसावाद्य म्हणून गौरविले ते घुमटालाच. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात ओतली. त्याआधी, १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स यांनी ओवी हाती घेतली होती. अभंग आणि ओवी त्यामुळे आपल्याला परकी झाली नाहीत.

पण हे उत्तर मला पुरते पटत नाही. समोर बसलेल्या वृद्ध ख्रिस्ती बाईला शब्दांवाचूनही त्या चालीत प्रार्थनाच ऐकू येते. तिच्यापुढे ‘आम्ही नुसते सूर वाजवितो’ ही सबब टिकणारी नव्हे, आणि ती थोडी उर्मटही आहे.

माझ्या व्यवसायातील एक भेद येथे उपयोगी पडतो. न्यायालयात शपथ साक्षीदार घेतो, वकील नव्हे. वकील दुसऱ्याचे म्हणणे आपल्या साऱ्या कौशल्यानिशी मांडतो. ते स्वतःचे मत आहे असे कोणी मानीत नाही, म्हणून त्यात फसवणूक नाही. (आमच्या धंद्याविषयी लोकांचे मत याहून कठोर असते, हे मी जाणतो.) साथ करणारा वादक या वकिलाच्या जागी असतो. मन लावून, सुरात, गायकाला सांभाळून वाजविणे एवढे त्याचे ऋण. ‘मी मानतो’ असे त्याने तोंडाने म्हणावे, अशी अपेक्षा झाली की तो साक्षीदार होतो. तेथे त्याने मौन धरावे, आणि यजमानांनी आग्रह करू नये.

मी त्या गृहस्थांना एवढेच विचारले की, हा क्लॅरिनेट वाजविणारा मुलगा आपल्या पालखीपुढे वाजवावयास आला तर? ते म्हणाले, ‘अवश्य यावा, देवाची सेवाच ती.’ म्हणजे आपल्याकडे येणारा पुण्य जोडतो आणि आपल्याकडून जाणारा भ्रष्ट होतो! एकाच पक्षाला लागू पडणाऱ्या नियमाला नियम म्हणणे मला जमत नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. ‘त्याच्या आईला विचारा,’ इतकेच म्हणाले.

आईने होकार दिला. पुढची अडचण निराळीच निघाली. मुलाचा हात काळी एकचा, मंडळींचे गीत पांढरी चारचे. त्यातून क्लॅरिनेट एक स्वर खाली बोलणारे, म्हणजे त्याच्या कागदावर सारे पांढरी पाचमध्ये लिहावयाचे. दोन संध्याकाळी दोघे मुलगे आमच्या ओसरीवर कागद खोडीत बसले होते. तिसऱ्या दिवशी आरतीला पेटी थोडी उशिरा आली.