साथीचा कायदा आणि समाजाची संमती

साथीला आळा घालावयाचा तर माणसांच्या संचारावर, एकत्र जमण्यावर, प्रसंगी त्यांच्या घरगुती व्यवहारावरही सरकारला बंधन घालावे लागते, याविषयी विचारी मनुष्याचे दुमत असण्याचे कारण नाही; वाद आहे तो हे बंधन कोणी, कोणाला विचारून आणि कोठवर घालावयाचे याविषयी, आणि हा वाद महाराष्ट्राने आपल्या अंगावर सोसलेला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा जारी झाला. पुण्यास प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून रँडसाहेबांची नेमणूक झाली व घरझडतीचे काम गोऱ्या सोजिरांकडे सोपविण्यात आले. शिपायांनी बुटांसह देवघरा-माजघरात शिरावे, संशयित सामानसुमान बाहेर काढून जाळावे, तापाने फणफणलेल्या माणसाला इस्पितळात आणि त्याच्या निरोगी आप्तांना विलगीकरणाच्या छावणीत हलवावे, असा तो क्रम होता. झडतीत स्त्रियांची विटंबना होते अशी हाकाटी सर्वत्र होती. त्यांतील सर्वांत गंभीर आरोप गोपाळ कृष्ण गोखल्यांनी विलायतेत उच्चारले व पुराव्याअभावी त्यांना ते मागे घ्यावे लागले, हे येथे नमूद केलेच पाहिजे. परंतु एखादा आरोप सिद्ध न झाल्याने भीती निराधार ठरत नाही, आणि साथीच्या काळात भीतीचे परिणाम प्रत्यक्ष रोगाइतकेच खरे असतात. लोक रोगी लपवू लागले. ज्या उपायाने रोगी उजेडात यावयाचे, त्याच उपायाने ते अंधारात गेले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली, हा या कथेचा सर्वश्रुत भाग होय. रोग लपविण्याची जी सवय जडली, तिची हानी मात्र कोणी मोजली नाही.

या सक्तीमागे जो निश्चयाचा आव होता त्यास शास्त्राचा आधारही पुरेसा नव्हता. उंदरावरील पिसवांच्या द्वारे हा रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीस दाखविले ते १८९८ मध्ये. म्हणजे अंमलदार घरोघर जे शोधीत होते ते नेमके काय, हे त्यांनाच ठाऊक नव्हते. आणि ज्याचे ज्ञान अपुरे आहे त्याने तरी हुकूम सोडण्यापूर्वी लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावयास हवे होते.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव उठावयाचे, घरांना कुलुपे लावून माळावर झोपड्या घालावयाच्या आणि साथ ओसरेपर्यंत तेथेच राहावयाचे, ही रीत पुढे खेड्यापाड्यांतून अंगवळणी पडली. हाही निर्बंधच होता, आणि घर सोडण्याइतका कठोर होता. तथापि माळावर शेजार तोच असे, चुली पेटत, सणवार जमेल तसे होत, आजाऱ्याची उठबस आपली माणसे करीत. उंदरांपासून दूर जाणे हा शास्त्रदृष्ट्या खरा उपाय होता, आणि समाज समाज म्हणूनच स्थलांतर करीत असल्यामुळे तो टिकला. त्याआधी, पुण्यातील साथीत, सावित्रीबाई फुले यांनीही पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याबाहेरील शुश्रूषागृहात रोग्यांची शुश्रूषा केली व त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. छावणी आणि शुश्रूषागृह दोन्ही गावाबाहेरच असतात. तेथे कोण कोणाला कोणत्या हाताने नेतो, यावर सारे अवलंबून असते.

२०२० साली कोरोनाच्या साथीत हा धडा आपणांस अर्धाच आठवला. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा होऊन मध्यरात्रीपासून सारा देश बंद झाला. हातावर पोट असणाऱ्याने चार तासांत कोणती तजवीज करावी, याचे उत्तर फर्मानात नव्हते. ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाडच्या परिसरात रेल्वेरुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. याउलट त्याच वर्षी आषाढीस संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या, आणि शतकानुशतके पायी चालणाऱ्या वारकरी संप्रदायाने ते मोठ्या मनाने स्वीकारले. लक्षावधी पावले थांबली, पण पालखीचा नेम मोडला नाही. वारी बंद, एवढाच हुकूम निघता तर हा संयम दिसला असता असे मला वाटत नाही. अंत्यविधीस वीस माणसांची मर्यादा घातली गेली तेव्हा मात्र असा विचार फारसा झाला नाही. कित्येक मुलांना बापाचे मुखदर्शनही घडले नाही. काचेआडून का होईना, ते दर्शन घडविण्याची व्यवस्था अशक्य नव्हती.

साथरोगांचा तोच कायदा दोन्ही काळी लागू झाला; २०२० साली त्याच्या जोडीला आपत्ती व्यवस्थापन कायदाही होता. साथरोगांचा मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा, आणि त्याचा गाभा एवढाच: सरकारास अधिकार, मोडणाऱ्यास शिक्षा आणि सद्हेतूने कृत्य करणाऱ्या अंमलदारास दाव्यापासून संरक्षण. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांस संरक्षण मिळाले, ते योग्यच झाले. ज्यांच्यावर निर्बंध घालावयाचे त्या रयतेच्या हक्कांची त्यात वेगळी तरतूद झाली नाही. पुढील साथ येण्यापूर्वी, शांततेच्या काळात, या कायद्यात निदान एवढे लिहिले जावे: हुकुमापूर्वी ग्रामसभेशी अथवा प्रभागाशी विचारविनिमय, प्रत्येक निर्बंधास मुदत, बुडालेल्या मजुरीची भरपाई, मृताच्या आप्तांस अंत्यदर्शनाचा हक्क, आणि अन्याय झाल्यास दाद मागण्याची सोय. वाचकांनी आपापल्या आमदार-खासदारांकडे ही मागणी धरावी, अशी माझी विनंती आहे.