गळण्याआधीचा डोळा

फाल्गुनात काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत सकाळी झाडून काढावं, तर दुपारपर्यंत कडुलिंबाची पिवळी पानं पुन्हा पायरीवर. पुस्तकातली पानगळ थंडीची. दख्खनची पानगळ तहानेची. पुढे उन्हाळा, जमिनीत ओल नाही, आणि पानापानातून पाणी उडतंय. झाडाला हा खर्च परवडत नाही.

पण पान सोडण्याआधी झाड वसुली करतं. हिरवेपणा मोडून त्यातलं नत्र, स्फुरद फांदीत परत ओढतं. पानाकडून येणारं ऑक्झिन ओसरलं, की इथिलीनच्या इशाऱ्यावर देठाच्या बुडाशी पेशींना चिकटवून ठेवणारी खळ विरघळू लागते. फांदीच्या बाजूला बुचासारखा थर धरतो. मग वारा केवळ निमित्ताला.

गळून पडणाऱ्या गोष्टीला लॅटिनमध्ये जो शब्द आहे, तो इंग्रजीत पानझडी झाडांना लागला आणि दुधाच्या दातांनाही. लंडनचा शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर याने 1774 मध्ये गर्भार गर्भाशयाचा भव्य चित्रग्रंथ काढला. गर्भारपणातल्या गर्भपिशवीच्या अस्तराला त्याने त्याच शब्दावरून ‘डेसिड्युआ’ म्हटलं, कारण बाळंतपणात वारेबरोबर ते गळून पडतं.

नाव पडलं शेवटावरून. काम मात्र सगळं त्याआधीचं. प्रोजेस्टेरॉनच्या अमलाखाली अस्तरातल्या लांबट पेशी गोल होतात, ग्लायकोजेन आणि स्निग्धांश साठवतात. उंदरीचं अस्तर गर्भ टेकल्यावरच असं बदलतं; माणसाचं दर महिन्याला, पाहुणा येवो न येवो, आधीच अंथरूण घालून बसतं. गर्भ रुजायला अस्तर राजी कसं होतं, हा मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेतल्या अभ्यासाचाही विषय आहे. आणि राजी होणं म्हणजे मोकळं रान देणं नव्हे. वारेने किती खोल शिरायचं, याला हेच अस्तर आवर घालतं. जुन्या सिझेरियनच्या वणावर ते नीट धरलं नाही, तर वार थेट स्नायूत रुतते, सुटता सुटत नाही, आणि बाळंतिणीच्या जिवावर बेततं. आपल्याकडे म्हणूनच मूल झालं एवढ्यावर सुईण उठत नसे. ‘वार पडली का?’ हा प्रश्न उरलेलाच असे.

म्हणजे जे गळू शकतं, त्याच्याच भरवशावर धरून ठेवता येतं. आणि गळतं तेही सगळं नाही. अस्तराचा तळचा थर जागेवर राहतो. त्यातूनच नवं अस्तर उगवतं, तेही वण न ठेवता. दुधाचा दात हलतो तेव्हा त्याचं मूळ खालच्या पक्क्या दाताच्या वाटेवर झिजलेलं असतं. छपरावर फेकायला आपल्या हाती येतो तो नुसता वरचा तुकडा.

पाडव्याला घरात कडुलिंबाची डहाळी येते. आम्ही कोवळी पालवी वाटतो, शेजारच्या तेलुगू घरात उगादीच्या पच्चडीत त्याचाच फुलोरा पडतो. यंदा डहाळी निवडताना खालच्या जुन्या भागावर नख फिरवून पाहिलं. गेल्या वर्षीच्या पानाचा वण नखाला लागला, आणि त्याच्या लगेच वर, तिळाएवढा, डोळा. माळी कळीला डोळा म्हणतात. तो पान गळाल्यावर आलेला नव्हता. पान हिरवं होतं तेव्हापासून त्याच्या बेचक्यात बसून होता.