शमीवरची शस्त्रे

'चोर सोडून संन्याशाला सुळी' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्याने केले त्याला मोकळे सोडून भलत्याला शिक्षा होऊ नये, हा तिचा आशय. न्यायाची इतकी साधी समजूत क्वचितच आढळेल. पण ज्याची चोरी झाली तो दर वेळी संन्यासीच असतो का? मालकाच्या हलगर्जीपणामुळे एखादी वस्तू चोराच्या हाती पडली आणि तिने तिसऱ्याच माणसाचा घात झाला, तर त्या पापात मालकाचा वाटा किती? हा प्रश्न आज अमेरिकेत रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या मोटारींनी विचारला आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे त्याच रस्त्यांवरून चालतात, म्हणून तो अगदीच परका नाही.

त्या देशात शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क आहे. पुष्कळ माणसे घराबाहेर पडताना पिस्तूल बरोबर घेतात. परंतु शाळेत किंवा न्यायालयात ते सहसा नेता येत नाही. मग मोटारीच्या कप्प्यात किंवा आसनाखाली ते सरकवून मालक आत जातो. कित्येकांचे तर रात्रभर तिथेच राहते. काच फोडायला चोराला एक फटका पुरतो. शस्त्रनियंत्रणाचा पुरस्कार करणाऱ्या 'एव्हरीटाउन' या संस्थेने पोलिसी नोंदींवरून हिशेब मांडला. २०२२ साली ३३७ शहरांतून मिळून सुमारे १,१२,००० बंदुका-पिस्तुले चोरीस गेली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक मोटारींतून गेली, असे त्यात आढळले. दहा वर्षांपूर्वी हेच प्रमाण पावाच्या आसपास होते.

आकड्यांनी मन हलत नाही, म्हणून एकच घटना सांगतो. जून २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहरात एका सरकारी वनरक्षकाच्या उभ्या मोटारीची काच फुटली आणि त्याची पिशवी गेली. पिशवीत भरलेले पिस्तूल होते. चारच दिवसांनी, १ जुलैला, समुद्राच्या धक्क्यावर वडिलांबरोबर फिरणाऱ्या एका तरुणीला त्याच पिस्तुलाची गोळी जमिनीवर आपटून लागली आणि ती मेली. पिस्तूल ज्याच्या हातून उडाले, तो म्हणाला, ते मला धक्क्यावर पडलेले सापडले. ज्यूरीने २०१७ साली त्याला खुनाच्या आणि मनुष्यवधाच्या आरोपांतून मुक्त केले. पिशवी कोणी चोरली हे सिद्ध झाले नाही. मुलीच्या आईबापांनी सरकारवर दावा लावला. २०२० साली न्यायालयाने तो फेटाळला आणि वरिष्ठ न्यायालयाने तोच निकाल कायम केला. मोटारीत ठेवलेले पिस्तूल आणि ते मरण, यांच्यामधली साखळी फार लांब आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

थोडक्यात, चोर सापडला नाही, हातून गोळी सुटली तो खुनी ठरला नाही, मालक जबाबदार ठरला नाही. एक मुलगी मात्र गेली. कायद्याच्या दृष्टीने यात चूक आहे असे मी म्हणणार नाही. कार्यकारणाची साखळी कुठेतरी तोडल्याशिवाय न्यायाधीशाला निकाल देताच येत नाही. पण सदसद्विवेकाला अशी सवलत आहे काय?

मालकाची बाजू घेणारे म्हणतात, 'अहो, चोरी त्याची झाली, नुकसान त्याचे झाले, आणि वर दोषही त्यालाच?' हे म्हणणे पैशाच्या बाबतीत खरे आहे. मी खिशातले पाकीट निष्काळजीपणे ठेवले तर त्याची किंमत मीच मोजतो. निष्काळजी राहण्याचा मला हक्क आहे तो एवढ्याचसाठी की तोटा माझा मला होतो. पिस्तुलाची गोष्ट निराळी. तिथे मालकाचे जातात काही डॉलर, आणि उरलेली किंमत ज्याने ते पिस्तूल कधी पाहिलेही नाही त्याच्याकडून वसूल होते. दुसऱ्याच्या जिवावर निष्काळजी राहण्याचा हक्क कोणत्या घटनेने दिला?

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. मालकाला दोष दिला की चोराचा दोष कमी होतो, अशी एक समजूत आहे. पण अपराध म्हणजे भाकरी नव्हे, की एकाने चतकोर मोडून घेतली म्हणजे दुसऱ्याच्या ताटात तेवढी कमी उरावी. चोर पुरता अपराधी राहूनही मालक आपल्यापुरता अपराधी असू शकतो.

या बाबतीत आपल्या महाभारताने एक धडा घालून ठेवला आहे. अज्ञातवासासाठी विराटनगरीत शिरण्यापूर्वी पांडवांपुढे हीच अडचण होती : शस्त्रे आत नेता येत नव्हती आणि टाकूनही देता येत नव्हती. त्यांनी काय केले? धनुष्यांच्या दोऱ्या उतरवल्या. गावाबाहेर स्मशानाजवळचे शमीचे झाड निवडले. नकुलाने वर चढून, पाऊस लागणार नाही अशा जागी ती बांधली. एवढ्यावर न थांबता झाडाला एक प्रेत टांगले, आणि गुराख्यांना सांगितले की ही आमची एकशेऐंशी वर्षांची आई, आमची कुळाची रीतच अशी. दुर्गंधीने आणि भयाने तिकडे कोणी फिरकले नाही. वर्ष सरल्यावर अर्जुन उत्तराला घेऊन आला, तेव्हा शस्त्रे जिथल्या तिथे होती. दसऱ्याला शमीची पूजा करणारे आपण पराक्रमाचे स्मरण करतो. त्यामागची ही खबरदारी मात्र विसरतो.

आजची खबरदारी त्याहून पुष्कळ सोपी आहे. गोळ्या काढाव्यात, मोटारीच्या सांगाड्याला पोलादी तारेने जखडलेल्या कुलुपाच्या पेटीत, नजरेआड, पिस्तूल ठेवावे, रात्री ते घरात न्यावे, त्याचा क्रमांक टिपून ठेवावा आणि चोरी होताच पोलिसांना कळवावे. परवानाधारक विक्रेत्याने चोरी अठ्ठेचाळीस तासांत कळवावी, असा तिथे देशव्यापी कायदा आहे. सामान्य मालकावर मात्र तसे देशव्यापी बंधन नाही. कॅलिफोर्नियाने २०१६ साली कायदा करून मोटारीत मागे ठेवलेले पिस्तूल कुलुपात असावे असे ठरवले आणि पोलिसांनाही त्या कक्षेत आणले. कोलोरॅडोत २०२५ पासून कडक कवचाची बंद पेटी आवश्यक झाली आहे.

यावर कोणी म्हणेल, संकट आले तर पेटी उघडीत बसायचे का? त्याला उत्तर एवढेच की मालक मोटारीतून उतरून गेला, त्या क्षणापासून ते पिस्तूल त्याचे रक्षण करीतच नाही. ते फक्त वाट पाहत असते, आणि जो पहिला हात येईल त्याचे होते. ज्या चोराच्या भयाने ते विकत घेतले, त्यालाच ते आयते मिळते.

त्या वनरक्षकाच्या मनाने त्याला काय सांगितले असेल, ते बाहेरून कोणाला कळणार नाही, आणि त्याला सुळी द्यावी असे मुळीच नाही. पण कायदा घटना घडून गेल्यावर विचारतो. सदसद्विवेकाने ती घडण्यापूर्वी विचारायचे असते. मोटारीचे दार लावून वळणाऱ्या माणसाला त्यासाठी अर्धा मिनिट पुरतो, आणि त्या वेळी साखळीला एकच कडी असते.