एलियाने मरण मागितले तेव्हा



दर तीन वर्षांनी एका रविवारी पहिल्या वाचनात आपण एलिया संदेष्ट्याची हकिकत ऐकतो (१ राजे १९). कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला हा देवमाणूस ईजबेल राणीच्या धमकीने घाबरून पळतो. सेवकाला बैरशेब्यात मागे ठेवतो, दिवसभर रानात एकटा चालतो आणि एका झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागतो.

कोणी आत्महत्या केली की अंत्यविधीला आलेल्यांत कुजबुज सुरू होते, "श्रद्धा कमी पडली." एलियाची श्रद्धा कमी होती का? त्याच्यावर काय काय साचले होते ते पाहू या. जिवाची भीती, अंगातले त्राण गेलेले, सोबतीला कोणी नाही, आणि आपले सगळे आयुष्य फुकट गेले ही भावना. यातले एकेक ओझे त्याने कदाचित पेललेही असते.

डॉक्टरही हेच सांगतात. आत्महत्येला सहसा एकच कारण नसते. परीक्षेचा निकाल, कर्ज किंवा घरातले भांडण हे पुष्कळदा शेवटचे निमित्त असते. त्याआधी मनात नैराश्य घर करून बसलेले असते, एखादे दुखणे हटत नसते, जवळचे माणूस गेलेले असते. आणि दारू. दारूचा विषय निघाला की आपल्या धर्मग्रामात सगळे गप्प होतात, पण ती हा धोका वाढवते हे आता बोललेच पाहिजे. ज्याने पूर्वी एकदा प्रयत्न केला आहे त्याला सर्वांत जास्त जपायला हवे. "वाचला, आता शहाणा झाला" म्हणून आपण निर्धास्त होतो, तिथेच चुकतो.

सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले होते, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. दर दहांत सात पुरुष होते. 'पुरुषाने रडू नये' असे मुलांना शिकवणाऱ्या आपणा सर्वांसाठी हा आकडा आहे.

देवदूताने एलियाला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, स्पर्श करून उठवले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी दिले. तो पुन्हा निजला, तर पुन्हा उठवून खाऊ घातले. आम्ही धर्मगुरू इथे कमी पडलो आहोत. खचून आलेल्या माणसाला "प्रार्थना कर" एवढेच सांगून आम्ही परत पाठवले आहे. प्रार्थना हवीच, पण डॉक्टरही हवा.

कोणी जगण्यात अर्थ नाही म्हणू लागला, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, माणसांतून उठून गेला, तर त्याला सरळ विचारावे, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मग त्याला एकटे सोडू नये. घरातली कीटकनाशके व जास्तीची औषधे त्याच्या हाती लागू देऊ नयेत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

वयस्कांना जुने दिवस आठवत असतील. १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्याने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या कायद्यात ती मनाई राहिली नाही. जीवन देवाचे आहे ही शिकवण कायम आहे. मात्र गंभीर मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, त्याच्या तारणाची आशा सोडू नये, आणि ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो (२२८२, २२८३).

तरीही नोव्हेंबरमध्ये मृतांच्या मिस्सासाठी नावे येतात, तेव्हा काही घरे एक नाव गाळतात. ते का गाळले, हे आम्हाला ठाऊक असते. यंदा ते नाव लिहून द्या. आम्ही ते इतरांच्या बरोबरीने वेदीवरून मोठ्याने वाचू.