उतारवयांत धांवूं लागावें काय?

पन्नाशी ओलांडलेल्या मनुष्यानें, पूर्वीं कधीं धांवण्याची संवय नसतां, आतां धांवूं लागावें काय, हा प्रश्न वरवर पाहतां वैद्याचा आहे, नीतीचा नव्हे. गुडघे, छाती व दम ह्यांचा विचार वैद्यानें करावा आणि तो सांगेल तसें आपण वागावें, इतक्यावर पुष्कळ लोक हा विषय संपवितात. पण जे ह्या वयांत धांवण्याचें मनांत आणून मागें सरतात, त्यांच्याशीं मोकळेपणानें बोललें असतां असें आढळतें कीं, ते गुडघ्यांचें नांव प्रथम घेतात खरें, परंतु खरी अडचण लाजेची असते. आमच्या खेड्यांत प्रौढ मनुष्य धांवतांना दिसला कीं लोक विचारतात, कोणाच्या गंजीला आग लागली? कोणाचा बैल सुटला? कोण गेलें? कारणावांचून धांवणें हें मुलांचें व वेड्यांचें काम, अशी आमची समजूत आहे. आणि बाईमाणसानें धांवावें ही कल्पना तर कित्येकांस सहनही होत नाहीं. म्हणून, वाचकहो, ह्या प्रश्नाकडे आपण थोडा वेळ नीतीच्या बाजूनें पाहूं.

लाजेच्या मुद्यावर एक गोष्ट आमच्या वाचकांस सांगावयास नको, ती त्यांस ठाऊकच आहे. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांतील बाप, मुलगा अजून दूर असतांच त्यास पाहून धांवत गेला. त्या देशाच्या रीतिभातींचा अभ्यास केलेले लोक सांगतात कीं, वडीलधाऱ्या गृहस्थानें लांब झग्याचा घोळ सावरून भर रस्त्यांत धांवणें तेथें हलकेपणाचें मानीत. असें असूनही त्या वृद्धाच्या गुडघ्यांची चौकशी आजवर कोणी केलेली नाहीं. आमच्याच मुलुखांतील बारामतीच्या लता भगवान करे ह्यांची हकीकतही तशीच आहे. साठी ओलांडलेल्या, मोलमजुरी करून पोट भरणाऱ्या ह्या बाईंनीं, आजारी पतीच्या तपासणीस पैसे नाहींत म्हणून, वडील मंडळींच्या शर्यतींत नांव दिलें. धांवण्याचा सराव त्यांस मुळींच नव्हता. नऊवारी लुगडें नेसून त्या अनवाणी धांवल्या आणि पहिल्या आल्या. २०२० सालीं त्यांजवर निघालेल्या चित्रपटांत त्यांची भूमिका त्यांनीं स्वतःच केली.

परंतु ह्या दोन उदाहरणांनीं आमचा प्रश्न सुटत नाहीं. उलट अधिक बिकट होतो. दुसऱ्याकरितां धांवणें चांगलें, हें कोणीही कबूल करील. पण ज्याचा मुलगा घरींच आहे व बायको धडधाकट आहे, त्यानें केवळ स्वतःच्या शरीराकरितां धांवावें काय? तो कधीं पहिला येणार नाहीं. ज्या कामांत आपण अखेरपर्यंत मागेंच राहणार, तें काम केस पिकल्यावर आरंभणें ह्यांत शहाणपण आहे कीं नुसती हौस?

येथें आम्ही एका अमेरिकन शिक्षकाची हकीकत थोडी विस्तारानें देतों. बिल बावरमन हे ऑरेगन विश्वविद्यालयांत धांवणाऱ्या तरुणांचे गुरु होते, व त्या विद्येंत त्यांचें नांव मोठें होतें. १९६२ सालच्या अखेरीस, वयाच्या एकावन्नाव्या वर्षीं, ते न्यूझीलंड देशांतील ऑकलंड शहरीं गेले. तेथें आर्थर लिडियर्ड नांवाचे दुसरे एक नामांकित गुरु होते. त्यांचे शिष्य पीटर स्नेल व मरे हालबर्ग ह्यांनीं १९६० सालीं रोम येथील ऑलिंपिक सामन्यांत सुवर्णपदकें मिळविलीं होतीं. ह्या लिडियर्ड साहेबांनीं शहरांतील मध्यमवयीन व वृद्ध लोकांची एक मंडळी जमविली होती. त्यांपैकीं कित्येकांस हृदयविकार होता. ही मंडळी सकाळीं हळूहळू, गप्पा मारीत, धांवत असे. लिडियर्ड ह्यांनीं पाहुण्यास त्यांच्याबरोबर येण्यास सांगितलें. बावरमन ह्यांस वाटलें, ह्यांत काय मोठेंसें? सुमारें अर्धा मैल ते बरोबर राहिले. पुढें चढ लागला, आणि जन्मभर दुसऱ्यांस धांवण्यास शिकविणाऱ्या त्या गृहस्थाचा दम तुटला. तेव्हां सत्तरी ओलांडलेला एक म्हातारा, ज्यास हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते, तो मंडळी सोडून मागें आला, त्यांच्याजवळ राहिला व त्यांच्या गतीनें चालूं लागला. तो बोलत होता. बावरमन ह्यांस उत्तर देण्यापुरताही श्वास नव्हता.

ह्या प्रसंगांत आम्हांस दोन गोष्टी विचार करण्याजोग्या वाटतात. पहिली अशी कीं, एखाद्या विषयाचें ज्ञान असणें आणि तो विषय अंगांत असणें ह्यांत मोठें अंतर आहे. जो दररोज दुसऱ्यांस शिकवितो त्यास पुन्हां शिष्य होणें फार जड जातें. उपदेशक, शाळामास्तर व घरांतील वडील मनुष्य ह्या तिघांसही हें लागू आहे. वय वाढतें तसे आपण केवळ जीं कामें येतात तींच करूं लागतों आणि जीं येत नाहींत तीं दुसऱ्यांवर सोंपवितों. ह्यामुळें कित्येक वर्षांत आपणांस कोणी चुकतांना पाहिलेलें नसतें. बावरमन ह्यांस त्या चढावर सर्वांनीं पाहिलें. तरी ते दुसऱ्या दिवशीं पुन्हां गेले, आणि पुढें सुमारें सहा आठवडे त्या देशांत असेपर्यंत जातच राहिले. दुसरी गोष्ट त्या म्हाताऱ्याची. त्यास पुढें जातां आलें असतें. तो मागें आला. आमच्या मतें त्या दिवशींच्या धांवण्यांत सर्वांत मोलाचें पाऊल तेंच होतें. आणि तें टाकण्यास त्याच्या अंगीं बळ होतें, कारण तोही उतारवयांतच धांवूं लागला होता व मागें राहणें म्हणजे काय हें जाणत होता.

१९६३ सालीं स्वदेशीं परतल्यावर बावरमन ह्यांनीं आपल्या गांवच्या लोकांस बोलाविलें. लोक इतके जमूं लागले कीं, एखादा मरून पडेल ह्या भीतीनें त्यांस परत पाठवावें लागलें. मग वाल्डो हॅरिस नांवाच्या हृदयरोगवैद्याच्या साह्यानें त्यांनीं मोजका क्रम ठरविला व १९६७ सालीं तो पुस्तकरूपानें छापला. त्यांतील मुख्य तत्त्व आजही तेंच आहे: धांवतांना बरोबरीच्या मनुष्याशीं बोलतां आलें पाहिजे, बोलतां येत नसेल तर गति जास्त आहे. प्रथम कांहीं अंतर चालावें, थोडें धांवावें, पुन्हां चालावें, आणि एक दिवसाआड विश्रांति घ्यावी. येथें एक सूचना देणें अवश्य आहे. हृदय व फुप्फुसें कांहीं आठवड्यांतच सुधारतात. पण स्नायुबंध व हाडें ह्यांस महिने लागतात. म्हणून पहिला महिना गोडीनें जातो आणि दुसऱ्या महिन्यांत, आतां आपण बळकट झालों असें वाटून, मनुष्य पाय दुखवून घेतो. ज्यास मधुमेह, रक्तदाब किंवा छातींत दुखण्याचा विकार असेल, त्यानें आधीं डॉक्टरास विचारल्यावांचून एकही पाऊल धांवूं नये.

लाभ किती? अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विश्वविद्यालयांत डॉ. जेम्स फ्राइज व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८४ पासून, धांवणारे व न धांवणारे अशा पन्नाशी ओलांडलेल्या लोकांची दीर्घकाळ नोंद ठेविली. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाप्रमाणें एकोणीस वर्षांत न धांवणाऱ्यांपैकीं शेंकडा ३४ मरण पावले होते, व धांवणाऱ्यांपैकीं शेंकडा १५. अर्थात् जो मुळांतच निरोगी आहे तोच धांवावयास निघतो हेंही ध्यानांत ठेविलें पाहिजे. सर्व अंतर धांवण्यानेंच पडलें असें म्हणतां येणार नाहीं.

आणि मरणाशीं करार तर कोणासही करतां येत नाहीं. जिम फिक्स नांवाचे अमेरिकन लेखक १९६७ सालीं, पस्तिसाव्या वर्षीं, धांवूं लागले. त्या वेळीं त्यांचें वजन फार होतें व सिगारेट तोंडांतून सुटत नसे. १९७७ सालीं त्यांनीं धांवण्याविषयीं लिहिलेलें पुस्तक लाखों लोकांनीं वाचलें. १९८४ सालीं, बावन्नाव्या वर्षीं, रस्त्यावर धांवत असतांच हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. तेव्हां पुष्कळ लोकांनीं आनंदानें म्हटलें, पाहा, काय उपयोग झाला? पण फिक्स ह्यांचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षींच त्याच रोगानें गेले होते, हें त्या लोकांनीं सांगितलें नाहीं. आयुष्य वाढेल ह्या एकाच लोभानें जो धांवतो त्याची निराशा होण्याचा संभव आहे. जो सकाळीं अर्धा कोस धांवून आल्यावर दिवसभर लोकांशीं कमी चिडून बोलतो, त्याचा लाभ त्याच दिवशीं त्याच्या हातीं पडतो.

आमचे कांहीं वाचक म्हणतील, आम्ही दिवसभर शेतांत राबतों, आम्हांस धांवण्याची गरज काय? त्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. जी बाई दिवसभर चिखलांत वांकून भात लावते, तिला विश्रांति व पोटभर अन्न पाहिजे, धांवणें नको. परंतु जो उपदेशक पूर्वीं तीन गांवें पायीं करीत असे तो आतां मोटारसायकलीवर बसतो. मास्तर खुर्चीवर बसतात. दुकानदार गल्ल्यावर बसतो. हें लिखाण मुख्यत्वें त्यांजकरितां आहे.

एक आक्षेप मात्र खरोखर नीतीचा आहे, आणि तो लोकलाजेहून वजनदार आहे. पहांटेचा तो तास कोणाचा? पत्नी डोक्यावर हंडा घेऊन पाण्यास जाते व नवरा त्याच रस्त्यानें आरोग्याकरितां धांवत तिच्या बाजूनें निघून जातो, हें दृश्य आम्हांस शोभादायक वाटत नाहीं. अशा घरांत हंड्याची व्यवस्था प्रथम ठरली पाहिजे. तिलाही धांवावेंसें वाटत असेल, हें तर तिला कोणी विचारीतच नाहीं.

चंडीगढ येथील मान कौर ह्या बाईंस मात्र विचारण्यांत आलें. २००९ सालीं, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं, त्या प्रथम धांवल्या. २०१७ सालीं, ज्या ऑकलंड शहरीं बावरमन ह्यांचा दम तुटला होता त्याच शहरीं भरलेल्या वडील खेळाडूंच्या जागतिक सामन्यांत त्यांनीं शंभर मीटरांचें अंतर ७४ सेकंदांत पुरें केलें. त्यांचें वय तेव्हां १०१ होतें, आणि त्यांच्या वयोगटांत दुसरें कोणीही नव्हतें. १०५ वर्षांच्या होऊन त्या २०२१ सालीं निवर्तल्या. त्यांस धांवण्याचें प्रथम सुचविलें तें त्यांच्या मुलानें. तो त्या वेळीं सत्तरीच्या घरांत होता, आणि स्वतःही शर्यतींत धांवत असे.