ही खूण कोणाची?

उभा राहा. हा प्रपोजल फॉर्म तूच भरलास ना? मग प्रश्न मोठ्याने वाच. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवर कधी उपचार घेतलेत का? आणि उत्तर काय? ‘नाही.’ अरे, तू हे लिहीत होतास तेव्हा त्याच टेबलावर मेटफॉर्मिनची पट्टी पडली होती! मघाशी जिन्यात पोरांना हसत हसत सांगत होतास, मी ऐकलं. काका बिचारे म्हणाले, शुगर आहे जराशी. तू म्हणालास, राहू द्या हो काका, उगाच मेडिकल लागेल, हप्ता वाढेल. मग ते चष्मा शोधायला उठले, तर पेन्सिलीने फुली मारून म्हणालास, ‘इथे फक्त सही करा.’ मोठा पराक्रम केलास!

आता कलम ४५ सांग. येत नाही? परीक्षा पास झाल्याचे पेढे मात्र वेळेवर वाटलेस. विमा कायदा १९३८. पूर्वी मुदत २ वर्षांची होती, २०१५ च्या दुरुस्तीनंतर ३ वर्षांची झाली. तेवढ्या काळात माहिती दडवल्याचं उघड झालं, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. दुसऱ्या वर्षी काका गेले, की कंपनी आधी दवाखान्याचे कागद मागवणार. फॅमिली डॉक्टरच्या केसपेपरवर साखरेचे आकडे तारखेनिशी असतात. फॉर्मवर सही कोणाची? काकांची. खूण तू केलीस हे काकू कशी सिद्ध करणार? ती आधी तुलाच फोन लावेल. तू उचलशील?

काय म्हणालास? ३ वर्षं गेली की कोणी विचारत नाही? वा! म्हणजे काकांच्या मरणाने तुझ्या सोयीची तारीख धरायची!

एजंटला पहिला अंडररायटर का म्हणतात, हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं. मुख्य कचेरीतल्या माणसाने काकांना पाहिलेलं नाही. त्यांना धाप लागते का, घरात कोण आजारी आहे, कमाई किती, हे पाहिलंय फक्त तू. तुझ्या डोळ्यांच्या भरवशावर कंपनी १० लाखांची जोखीम उचलते, आणि तू मार्चअखेरच्या टार्गेटसाठी डोळे मिटून घेतोस. एजंट दिसला की लोक गल्ली बदलतात, म्हणून कुरकुरता ना तुम्ही? उगाच बदलत नाहीत. शिवाय पहिल्या हप्त्यातले २ हजार परत देण्याचं आमिष दाखवलंस, ते वेगळंच. कलम ४१, दंड १० लाखांपर्यंत. ‘सगळेच देतात’ हे उत्तर माझ्या वर्गात चालणार नाही.

फॉर्म अजून शाखेत गेलेला नाही, हे तुझं नशीब. इकडे आण, फाडतो. कोरा घे आणि आजच काकांकडे जा. काकूंनाही बसव. प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखव, सांगतील तेच लिही, गोळीचं नावसुद्धा. जास्त हप्ता परवडत नाही म्हणाले, तर पाणी पिऊन परत ये. हो म्हणाले, तर मेडिकलची तारीख संध्याकाळी मला कळव. बाकीच्यांनो, दात काय काढताय? आपापले फॉर्म टेबलावर ठेवा.